विजेवरचा छोटा टेम्पो : भार, अंतर आणि हिशेब

गेल्या दोन वर्षांत आमच्या पेढीवर येणाऱ्या व्यापारी बंधूंकडून एक प्रश्न वरचेवर विचारला जातो : विजेवर चालणारा छोटा टेम्पो घ्यावा की न घ्यावा? कोणी म्हणतो, इंधनाचा खर्च वाचतो. कोणी म्हणतो, वाटेत बंद पडला तर माल रस्त्यावर राहतो. कोणी शेजाऱ्याने घेतला म्हणून घेतो आणि कोणी शेजारी फसला म्हणून घेत नाही. आम्ही काही इंजिनियर नाही. मॅट्रिक होऊन थेट गादीवर बसलेले धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. तथापि उभे आयुष्य पोती मोजण्यात गेल्यामुळे वजन, अंतर व भाव या तीन गोष्टी कळल्या म्हणजे हिशेब मांडावयाचा, ही सवय आम्हांस जडली आहे. त्याच सवयीने हा विषय सभासद बंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवीत आहोत.

आमचा निष्कर्ष आरंभीच सांगून टाकतो. ज्याची रोजची फेरी ठरलेली आहे, जो मापात माल भरतो आणि ज्याची गाडी रोज पुरेशी धावते, त्याने हे वाहन अवश्य घ्यावे. या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट नसेल तर घेऊ नये. असे आम्ही का म्हणतो, ते आता क्रमाने पाहू.

१. पूर्वपीठिका

आमच्या लहानपणी बाजारातून दुकानापर्यंत धान्य बैलगाडीने किंवा हातगाडीने येई. पुढे तीनचाकी टेम्पो आला. 'टेम्पो' हे वस्तुतः एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव; परंतु पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने ती गाडी आपल्याकडे बनविण्यास सुरुवात केल्यावर ते मराठीत सामान्यनामच होऊन बसले. १९५८ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे संस्थापक श्री. नवलमल फिरोदिया हे मूळ अहमदनगरचे, आपल्याच समाजाचे. माणसाने माणसास ओढण्याची रिक्षा जावी आणि तिच्या जागी यंत्राची तीनचाकी यावी, यासाठीही त्यांनी खटपट केली होती. वाहनाचा विचार करताना ते ओढणाऱ्या जिवाचा विचार करावयाचा, ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही, एवढ्यासाठीच हा उल्लेख केला.

२००५ साली टाटांची एस ही चारचाकी छोटी गाडी आली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले आणि गल्लीबोळांतील मालवाहतुकीचे रूपच तिने पालटले. आज विजेवरच्या ज्या गाड्यांविषयी आपण बोलतो आहोत, त्या बहुतेक याच छोट्या हत्तीच्या जातीच्या आहेत.

वीज हे वाहतुकीस नवे बळ आहे असे मात्र समजू नये. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. परंतु ट्रामला व आगगाडीला वरच्या तारेतून सतत वीज मिळते; टेम्पोला ती बरोबर बांधून न्यावी लागते. सारी अडचण येथेच होती. महिंद्र कंपनीने १९९९ साली 'बिजली' नावाची विजेवरची तीनचाकी काढली होती, पण ती टिकली नाही. त्या काळच्या शिशाच्या बॅटऱ्या वजनाला जड आणि आयुष्याने अल्प असत. लिथियमच्या बॅटऱ्या आल्यावर ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली.

इंग्लंडातील एक उदाहरण येथे फार बोधप्रद आहे. त्या देशात विसाव्या शतकात घरोघर दूध पोचविणाऱ्या विजेच्या गाड्या हजारोंनी धावत होत्या, त्याही त्याच जड शिशाच्या बॅटऱ्यांवर. मग तेथे त्या कशा चालल्या? कारण दूधवाल्याची फेरी आखूड व ठरलेली असे, वेग बेताचा असे, जागोजागी थांबावे लागे आणि रात्री गाडी त्याच आगारात परत येई. म्हणजे बॅटरी दुबळी असूनही काम तिच्या जोगते होते. आजची बॅटरी सबळ झाली, तरी मूळ नियम तोच आहे.

२. गाडीची ओळख

वाहनाच्या जाहिरातीत 'किलोवॅट-तास' असा शब्द येतो आणि पुष्कळ बंधू तेथेच पुढील पान उलटतात. घाबरण्याचे कारण नाही. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट. २० किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे २० युनिटे वीज मावणारी कोठी, इतकाच त्याचा अर्थ.

आता बाजारातील काही गाड्या पाहू. टाटा एसची विजेवरची आवृत्ती ५ मे २०२२ रोजी जाहीर झाली. तिची बॅटरी २१.३ युनिटांची, भारक्षमता ६०० किलो आणि एका चार्जिंगमध्ये सांगितलेले अंतर १५४ किलोमीटर होते. मे २०२४ मध्ये त्याच गाडीचा एक टन भार वाहणारा प्रकार निघाला. त्याचे सांगितलेले अंतर १६१ किलोमीटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्रांची झिओ आली. तिची भारक्षमता ७६५ किलोपर्यंत आहे. जून २०२५ मध्ये टाटांनी एस प्रो ही लहान गाडी काढली. तिचा विजेवरचा प्रकार ७५० किलो भार वाहतो, बॅटरी १४.४ युनिटांची आहे आणि सांगितलेले अंतर १५५ किलोमीटर आहे. इतरही कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आहेत.

या आकड्यांतील अंतराचा आकडा जपून वाचावा. तो ठराविक पद्धतीने घेतलेल्या चाचणीतला असतो. आपला चढउतार, आपली वाहतूककोंडी, एप्रिल-मेचे ऊन आणि आपल्या चालकाचा पाय यांचा त्या चाचणीशी संबंध नसतो. आम्ही स्वतः सांगितलेल्या अंतराचा दोन-तृतीयांश भाग खरा धरतो. १५५ असेल तर १००. शिवाय बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी क्षीण होते. काही वर्षांनी तिची ताकद चार-पंचमांशावर येईल असे समजून आजच ८० किलोमीटरांचाच भरवसा धरावा. त्या ८०त आपले काम बसत असेल तर पुढे पस्तावा होणार नाही.

विजेच्या मोटरीचा एक मोठा गुण सांगितला पाहिजे. डिझेलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सुमारे एक-तृतीयांश शक्तीच चाकांपर्यंत पोचते, बाकीची उष्णतेत जाते. विजेच्या मोटरीत बहुतांश वीज चाकाच्या कामी येते. गाडी चौकात उभी असता मोटर वीज खात नाही, आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या गतीचा काही भाग पुन्हा वीज होऊन बॅटरीत येतो. म्हणूनच थांबत थांबत जाणाऱ्या शहरी फेरीत, जेथे डिझेलची गाडी अधिक तेल पिते, तेथे ही गाडी खुलते.

३. आपला दिवस किती किलोमीटरांचा?

इच्छापोर हे सुरत स्टेशनापासून सुमारे १५ किलोमीटरांवर, हजिरा रस्त्यावर आहे. एका अंगास हजिऱ्याचे कारखाने व बंदर, दुसऱ्या अंगास पाल, अडाजण, रांदेर ही वस्ती, आणि गावाजवळच औद्योगिक वसाहत व हिरे-जवाहिरांचे उद्योगक्षेत्र. त्यामुळे येथील घाऊक व्यापाऱ्याचा माल दोन दिशांना जातो : कामगारांच्या भोजनालयांस व गावांतील किराणा दुकानांस एकीकडे, आणि शहरातील दुकानांस दुसरीकडे. जमीन सपाट, घाट नाही. हजिऱ्याकडील फेरी जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटरांची, रांदेर-अडाजणची वीस-पंचवीस. क्वचित बाजारसमितीची खेप जोडली तरी दिवस सत्तर-ऐंशीच्या आत संपतो. रात्री गाडी आपल्याच आवारात. म्हणजे इंग्लंडच्या दूधवाल्याची सर्व लक्षणे येथे जुळतात.

परंतु याच रस्त्याचे दुसरे टोक पाहा. हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ व्यारा, सोनगड, नवापूर, धुळे, जळगाव करीत नागपूर व पुढे ओरिसाच्या किनाऱ्यापर्यंत जातो. आपल्यापैकी पुष्कळांचा खानदेशाशी नात्याचा व मालाचा संबंध याच रस्त्याने आहे. जळगावची डाळ येथे येते ती याच वाटेने. धुळे येथून सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर आहे आणि वाटेत कोंडाईबारीचा घाट आहे. त्या वाटेवर हे छोटे वाहन पाठविणे म्हणजे शिकवणीच्या पोरास आखाड्यात उतरविण्यासारखे आहे. लांबच्या खेपेस मोठा ट्रक, गावातील फेरीस विजेचा टेम्पो, असा विभाग करावा. 'एकच गाडी सर्व कामांस' हा हट्ट या वाहनापुरता सोडून द्यावा लागतो.

४. खर्चाचा हिशेब

आता मुख्य भाग. पुढील हिशेबात दर आम्ही धरून चाललो आहोत. प्रत्येकाने आपले दर घालून तो पुन्हा मांडावा.

१४.४ युनिटांची बॅटरी पूर्ण भरण्यास, चार्जिंगमधील घट जमेस धरून, मीटरवर सुमारे १६ युनिटे पडतात असे समजू. युनिटास ९ रुपये धरल्यास १४४ रुपये झाले. त्यात १०० किलोमीटर गाडी चालली, तर किलोमीटरला सुमारे दीड रुपया. सीएनजीचा भाव किलोस ८० रुपये व किलोमागे १८ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सुमारे साडेचार रुपये. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे ३ रुपये वाचतात.

किमतीचे काय? जून २०२५ मध्ये एस प्रो बाजारात आली तेव्हा सीएनजी व पेट्रोल या दोहोंवर चालणाऱ्या प्रकाराची किंमत ४ लक्ष ९९ हजार आणि विजेच्या प्रकाराची ६ लक्ष ५० हजार रुपये होती. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. विजेच्या गाड्यांवरील कर १ ऑगस्ट २०१९ पासूनच ५ टक्के आहे. तो तसाच राहिला. करातील ही सूट गिऱ्हाइकास पूर्ण मिळाली असे धरल्यास सीएनजीची गाडी सुमारे ४ लक्ष ६० हजारांवर येते आणि दोहोंतील अंतर १ लक्ष ९० हजारांचे होते. २५ किलोवरील पोत्यांचे धान्य करमुक्त असल्याने आपल्यापैकी अनेकांस कराची वजावट मिळत नाही. म्हणून पूर्ण किंमतच धरली आहे.

आता दोन व्यापारी कल्पू. पहिल्याची गाडी रोज ७० किलोमीटर, वर्षातून ३०० दिवस चालते. वर्षाचे २१,००० किलोमीटर, बचत ६३,००० रुपये. वरचे १ लक्ष ९० हजार तीन वर्षांत फिटतात. त्या रकमेवर द. सा. द. शे. १० व्याज धरले तरी पावणेचार वर्षांत फिटतात. पुढची सारी बचत घरची.

दुसऱ्याची गाडी रोज ३० किलोमीटर चालते. वर्षाचे ९,००० किलोमीटर, बचत २७,००० रुपये. व्याज न धरता सात वर्षे लागतात. पण व्याज धरा : पहिल्याच वर्षी १९,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलाकडे केवळ ८,००० येतात. या गतीने रक्कम फिटण्यास बारा-तेरा वर्षे लागतील, म्हणजे बहुधा बॅटरीच्या आयुष्याहून अधिक. या दुसऱ्या व्यापाऱ्याने भाड्याचे वाहन वापरावे, किंवा दोघा-तिघा शेजारी पेढ्यांनी मिळून एक गाडी ठेवावी. मोटारीचा साधा नियम असा की कमी चालविली तर खर्च कमी. येथे उलट आहे. विजेची गाडी उभी राहिली की तोटा, चालली की नफा.

इंजिनाचे तेल, गाळण्या, क्लच यांचा खर्च या गाडीस नाही, ही आणखी एक जमेची बाजू. नावेची बाजू अशी की जुन्या विजेच्या गाडीचा बाजार अजून बसलेला नाही, त्यामुळे विकावयास काढल्यास काय येईल हे आज धरता येत नाही; आम्ही ती रक्कम शून्य धरतो.

सरकारी साहाय्याविषयी दोन शब्द. गुजरात सरकारच्या २०२१ च्या धोरणानुसार बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १०,००० रुपये मदत मिळे. त्या धोरणाची मुदत ३० जून २०२५ पर्यंतच होती. केंद्राची 'फेम' ही योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली. तिच्यानंतर ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेच्या ट्रकांना साहाय्य ठेवले आहे. परंतु ते साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकांना, आपल्या छोट्या टेम्पोस नव्हे. यास्तव मदत मिळेल या आशेवर गाडी घेऊ नये. मदतीवाचून हिशेब बसत असेल तरच घ्यावी. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने विजेच्या मालवाहू गाड्यांस परमिटाच्या अटीतून मुक्त केले आहे, आणि ऑगस्ट २०२१ पासून त्यांस नोंदणीशुल्कही माफ झाले, ही सवलत मात्र लहान नाही.

५. अतिभार

येथवरचा हिशेब कागदावर बरोबर आहे. तो रस्त्यावर चुकतो तो एकाच कारणाने, आणि ते कारण आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

गाडी विकत घेण्यापूर्वी पाहावे म्हणून आम्ही विजेवरचा एक टेम्पो महिनाभर भाड्याने ठेवला. भारक्षमता ६०० किलो, म्हणजे पन्नास किलोंची १२ पोती. पहिले काही दिवस बारा-तेरा पोती घातली. गाडी दोन्ही फेऱ्या करून, वर काही वीज शिल्लक ठेवून परत येई. दिवाळीचा आठवडा आला, मागणी वाढली. आम्ही गादीवरूनच सांगितले, "आज चोवीस घाला." चालक नंदुरबारकडचा, अबोल माणूस. तो एवढेच म्हणाला, "शेठजी, जास्त होतील." आम्ही ऐकले नाही. डिझेलच्या टेम्पोत आम्ही तीस घालीत आलो होतो.

संध्याकाळी पालजवळ गाडी थांबली. सात पोती खाली करावयाची राहिली होती. दुसरे वाहन मिळून माल पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. तोवर तो माणूस पोत्यांपाशी बसून होता. परतल्यावर आम्ही त्यालाच बोल लावला, की तू सकाळी चार्जिंग पुरे केले नाहीस. त्याने सांगितले की पुरे केले होते. आम्ही त्याचा त्या दिवसाचा रोज कापला. आठवड्याने तो काम सोडून गावी गेला.

महिनाअखेर आमच्या सूनबाई गाडीचा हिशेब लावीत असता त्यांनी चार्जिंगची नोंद आमच्यापुढे ठेवली. त्या दिवशी पहाटे बॅटरी शंभर टक्के भरलेली होती. दोष गाडीचा नव्हता, चालकाचा तर मुळीच नव्हता. आम्ही त्याचा रोज व वर काही रक्कम गावी पाठविली, क्षमाही मागितली. पैसे पोचले, माणूस परतला नाही.

हे असे का होते? चाक फिरविण्यास लागणारे बळ वजनाच्या प्रमाणात वाढते. प्रत्येक थांब्यानंतर तेच वजन पुन्हा हलवावे लागते. भार दुप्पट केला की अंतर झपाट्याने घटते, मोटर तापते, आणि ती जपण्यासाठी यंत्रणा आपणहून शक्ती कमी करते. ब्रेक उशिरा लागतात, टायर झिजतात. डिझेलच्या गाडीतही हे सारे घडतच होते. पण ती गाडी जास्त तेल पिऊन, जास्त धूर सोडून आपला अपराध झाकीत असे. विजेची गाडी झाकीत नाही, ती त्याच संध्याकाळी उत्तर देते. कायदाही आता कठोर आहे : मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अतिभारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे.

आपल्या धर्मात या गोष्टीचा विचार कायद्याच्या फार आधी झाला आहे. श्रावकाच्या अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. प्रतिक्रमणात आपण त्याचा उच्चार करतो आणि बैल गेले म्हणून तो दोष आपणांस लागत नाही असे मनात समजतो. पंधरा कर्मादानांत गाड्या बनविण्याचा व भाड्याने वाहण्याचा धंदा घातला आहे, त्यामागेही ओझे वाहणाऱ्या जिवाची कणव आहे. बैल गेला हे खरे. पण ओझे कोणावर तरी पडतेच. ते चालकाच्या झोपेवर पडते, हमालाच्या पाठीवर पडते, आणि ब्रेक न लागलेल्या गाडीपुढे आलेल्या पादचाऱ्यावर पडते. लोखंडाच्या यंत्रास दुःख होत नसेल, त्याच्याभोवतीच्या माणसांस होते.

६. धूर गेला कोठे?

विजेच्या गाडीस धूर नाही, म्हणून ती निर्दोष, असे काही बंधू म्हणतात. हे अर्धसत्य आहे. आपल्या देशातील निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज आजही कोळसा जाळून होते. दुकानासमोरचा धूर गेला, तो औष्णिक केंद्राच्या धुराड्यात काही अंशी राहिला. तरीही लाभ खरा आहे : शाळेच्या रस्त्यावर, दुकानाच्या ओट्याशी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर धूर सुटत नाही. आणि वीज ही दिवसेंदिवस स्वच्छ होऊ शकते, डिझेल होऊ शकत नाही. आपल्याच तापी नदीवर उकाईची ३०० मेगावॅटची जलविद्युत आहे. काकरापारच्या अणुकेंद्रात प्रत्येकी ७०० मेगावॅटचे दोन नवे संच २०२३ व २०२४ साली व्यापारी उत्पादनास लागले.

ज्यांचे गोदामाचे छप्पर मोकळे आहे त्यांनी सूर्यविजेचा विचार करावा. एक किलोवॅटच्या पटलापासून दिवसास सरासरी चार युनिटे मिळतात असा ढोबळ हिशेब आहे. तीन किलोवॅटची १२ युनिटे झाली, म्हणजे दिवसाच्या सत्तर किलोमीटरांची बहुतेक गरज भागली. गाडी रात्री भरावयाची व ऊन दिवसा, ही अडचण दिवसाची वीज वीजकंपनीस देऊन रात्री परत घेण्याच्या मीटरने सुटते.

७. दक्षता

धान्यव्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवाव्या अशा काही गोष्टी आहेत.

गाडी गोदामाच्या आत, बारदानाजवळ कधीही चार्जिंगला लावू नये. लिथियमच्या बॅटरीस आग लागणे विरळा असले, तरी लागल्यास ती विझविणे कठीण जाते व विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. गोदामात बारदान, सुतळी व धान्याची धूळ, तिन्ही ज्वालाग्राही. बाहेर, छपराखाली, भिंतीपासून अंतर राखून जागा करावी.

साध्या १५ अँपियरच्या खटक्यावरही गाडी रात्रभरात भरते; पण तार जाड, अर्थिंग पक्के व खटका स्वतंत्र हवा. मंजूर वीजभार पुरेसा आहे की नाही हे आधी पाहावे. लांब जोडतार वापरू नये. उन्हातून आलेली गाडी थोडी निवल्यावरच भरावी.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेची जी दैना केली ती कोणी विसरलेले नाही. पावसाळ्यात गाडी उंच जागी ठेवावी. पाण्यात बुडालेली विजेची गाडी तज्ज्ञाने तपासल्यावाचून चालू करू नये व चार्जिंगलाही लावू नये.

गाडी आवाज करीत नाही, म्हणून गल्लीत मुलांस ती आल्याचे कळत नाही. चालकास तसे बजावून सांगावे. बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरांची व किती ताकद उरेपर्यंतची, हे लेखी घ्यावे. तोंडी शब्दावर जाऊ नये.

८. सात दिवसांची वही

वाचकांस एक लहानसा अभ्यास सुचवितो. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींनी तो करावा, म्हणजे त्यांसही पेढीचा व्यवहार कळेल. सात दिवस एक वही ठेवावी. प्रत्येक खेपेस चार रकाने भरावेत : किती पोती गेली, त्यांचे एकूण वजन किती, किलोमीटर किती झाले, आणि गाडी किती वेळ उभी राहिली. आठव्या दिवशी बेरीज करावी. सर्वांत मोठा दिवस ८० किलोमीटरांच्या आत असेल, सरासरी पन्नासाच्या वर असेल आणि एकही खेप गाडीच्या भारक्षमतेबाहेर नसेल, तर निःशंक पुढे जावे. खेप बाहेर जात असेल तर मोठ्या क्षमतेची गाडी पाहावी किंवा खेपा दोन कराव्यात. ७५० किलो म्हणजे पन्नासाची १५ पोती किंवा तिसाचे २५ कट्टे. ही रेघ खडूने गाडीच्या फळीवर आखून ठेवावी.

आम्ही पुढे स्वतःची गाडी घेतली. ती रोज दोन फेऱ्या करते आणि अद्याप कोठे थांबलेली नाही. सकाळी माल भरून झाला की चालकास विचारावयाचे, आणि त्याने "पुरे" म्हटले की फळी लावावयाची, असा नियम पेढीवर घातला आहे. ज्या मोठ्या काट्यावर आपण गाड्या तोलतो त्यास आपल्या वाडवडिलांनी धर्मकाटा हे नाव उगाच दिलेले नाही. गिऱ्हाइकास माप पुरे द्यावयाचे हे आपण लहानपणीच शिकलो. वाहनास व वाहणाऱ्या माणसास ओझे मापात द्यावयाचे, हे आम्ही साठी उलटल्यावर शिकलो. आपण आमच्याइतका उशीर करू नये, एवढीच विनंती.